आपला तो

—नाही, आधी ते दार ओढून घ्या, काकू. पूर्ण नको, फट राहू द्या, नाहीतर कटिंग मास्तर म्हणतील चेकिंगच्या नव्या बाई आणि हा इस्त्रीवाला, दोघं मालाच्या खोलीत काय करतायत. बसा त्या गठ्ठ्यावर. कॉलरचं कापड आहे, मऊ आहे. आणि आता तुम्ही काही बोलू नका, तुम्ही कशाला आलात ते मला कळलंय. काल पाण्याच्या पिंपापाशी तुम्ही म्हणालात ना— ‘मी वाचलंय रे ते पुस्तक’— तेवढंच म्हणालात, ग्लास विसळलात आणि गेलात. माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो. संध्याकाळी एका शर्टाच्या पाठीवर इस्त्री तशीच ठेवून उभा राहिलो, पांढरा शर्ट, त्रिकोण उमटला. थांबा, थांबा. मला बोलू द्या. तुम्ही बोललात की माझा धीर जाईल.

तुम्ही नव्या आहात, तुम्हाला इथली रीत ठाऊक नाही. डबे झाले की मशीनी बंद. मग सगळ्या त्या लांब टेबलाभोवती बसतात, दोरे कापतात, बटणं ओढून बघतात, नुसतं हातकाम. आणि ताई वाचायची. माझी ताई. कॉलर लावायची ती, एका रेषेत, मास्तरसुद्धा तिच्या कॉलरीला मापाची पट्टी लावत नसत. तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्या आपसात वाटून घ्यायच्या, म्हणजे तिचे हात मोकळे— कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण झालं तसं. आणि वाचायची काय? तर हेच पुस्तक. शहरातला तो एक, दिवसा विजेचे मीटर दुरुस्त करणारा आणि अंधार पडला की अर्धा लांडगा, पिवळे डोळे, काळा कोट, पुलाखालून निघणाऱ्या काय काय त्या गोष्टींपासून शहर राखणारा. बायका त्याला नावानं नाही बोलवायच्या. ‘आपला तो’ म्हणायच्या. नवऱ्याचं नाव घेत नाहीत ना, तसं! ‘आज आपला तो येणार का गं?’ मी कोपऱ्यातून, इस्त्रीवरून ओरडायचो— ऐन उकाड्यात काळा कोट, घामोळं येत नाही का रे तुमच्या त्याला? ताई वर न बघता म्हणायची, ‘येतं, पण तो तुझ्यासारखा कुरकुरत नाही.’ आणि सगळ्या फिस्सकन हसायच्या.

मग ताई गेली. ताप होता. ताप कुणाला येत नाही? उद्या उतरेल म्हटलं. ती स्वतःच म्हणाली, उद्या उतरेल. असो. घरी आम्ही दोघंच होतो, आता मी आहे. मी परत कामाला आलो तर तिचं स्टूल तसंच, त्यावर पुस्तक, एका पानाचा कोपरा दुमडलेला. कुणी हलवलं नव्हतं. आणि बाहीवाल्या मावशी— त्या जाड चष्म्याच्या, बाह्या लावतात त्या— म्हणाल्या, ‘बस बाळा. आता तू वाच.’ नाही म्हणायचं ना! सरळ सांगायचं ना, मावशी, मी चौथीतून पळालेला माणूस, मला बसची पाटी येते, शर्टाचा नंबर येतो, जोडाक्षर आलं की मी खड्ड्यात. पण माझं हे असंच, पाय आधी पडतो, डोकं मागून येतं. बसलो. कारण दुसरं कुणी बसलं असतं ना त्या स्टूलवर, तर मी तिथंच काहीतरी फेकून मारलं असतं.

पहिल्या दिवशी वाचलं हो मी, शपथ. खरं वाचलं. बोट ठेवून. एक एक अक्षर. बायका खाली मान घालून दोरे कापतायत, कुणी हसत नाही, तेच जास्त लागत होतं. आणि मग आला एक शब्द— ‘अस्तित्व’. आता हा काय शब्द आहे? अस, अस्ति, अस्तित... मानेवरून घाम, कान तापलेले, समोर काजवाली बसलेली, काज-बटणाची ती, तिनं कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं— ‘इतक्यात तो आला.’ झालं. सगळ्यांचे खांदे सैल पडले. ‘आला बाई,’ मावशी म्हणाल्या. तेव्हापासून मी वाचलेलंच नाही, काकू. डोळे पुस्तकात, बोट ओळीवरून फिरतंय, आणि तोंडातून जे येईल ते. पानं उलटत राहायचो— जरा वेळ झाला की पान, जरा वेळ झाला की पान— आणि त्यातच माती खाल्ली. परवा पुस्तक संपलं! गोष्ट ऐन रंगात आणि हातात मागचा पुठ्ठा. मग मी काय केलं, खोकलो, पाणी प्यालो आणि परत मधूनच उघडलं. ते तुम्ही बघितलंत. तुमची नजर मी बघितली.

लबाडी आहे. आहेच. पण सोपी नव्हती, एवढं सांगतो. मला वाटलं, बायकांना आवडतं काय, तर ताकद. मी दिली ताकद. पहिल्याच दिवशी पुलाखालून राक्षसांची रांग काढली आणि ‘आपल्या त्या’नं एकेकाला गाडीच्या बॉनेटवर आपटला, रक्ताचे पाट. मी इकडे जोरात, हातवारे करून— आणि टेबलावर काय? जांभया. एकजण म्हणते, ‘जेवला का तो सकाळपासून?’ मी चक्रावलो. इतके राक्षस मारले आणि हिला त्याच्या जेवणाची पडलीय! मग दुसऱ्या दिवशी मी त्याला जेवायला बसवला. सहजच. त्या पोरीच्या घरी, जिच्यावर संकट असतं तिच्या. तो दारात उभा राहतो, दार लाथेनं पाडू शकतो, भिंतसुद्धा पाडू शकतो, आणि विचारतो— ‘आत येऊ का?’ ती नाही म्हणते. तर तो पायरीवर बसतो. बसूनच राहतो. काकू, कात्र्या हळू झाल्या. मला पाठ असलेला आवाज आहे तो, कचकच, कचकच, आणि एकदम हळू. आणि बाहीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘घरातला माणूस भूत नसून दात दाखवतो, आणि हा मेला दात असून लपवतो.’ हसल्या सगळ्या, पण ते हसणं काही खरं हसणं नव्हतं. एकीनं तर डोळे पुसले, म्हणाली कापडाचा भुगा गेला.

तेव्हा मला कळलं. डोळे पिवळे की निळे, याच्याशी काही घेणंदेणं नाही. कोट तर नाहीच. ज्याला चावता येतं आणि जो चावत नाही— तो हवा असतो त्यांना. ज्याच्या हातात मोडायची ताकद आहे आणि तो त्याच हातांनी पोरीचे भिजलेले बूट चुलीपाशी वाळत घालतो. सगळ्या शहराला ज्याची भीती वाटते, त्याच्याजवळ एका बाईला झोप लागते. एवढंच. मी रोज एक एक गोष्ट त्याच्या अंगावर घालत गेलो. रस्त्यानं चालताना तो गाड्यांच्या बाजूला. ती रडत असली की तो ‘रडू नको’ म्हणत नाही, नुसता शेजारी बसून काहीतरी सोलत राहतो, फळ, लाकूड, काहीही. आणि ती मार खाऊन येते ना एकदा, तेव्हा तो ‘कुणी मारलं’ असं नाही विचारत. विचारतो, ‘कुठं दुखतंय?’ त्यावर काजवाली म्हणाली, ‘असले पुरुष पुस्तकातच.’ मी मान खाली घातली. कारण ते पुस्तकात कुठं होतं? ते पुरुषाचंही नव्हतं. पहिल्या कामावरच्या मास्तरानं मला मापाच्या गजानं मारलं होतं, लहान होतो, घरी आलो, तेव्हा ताईनं हेच विचारलं होतं. हेच. आणि मग दिवा लहान करून शेजारी बसली, वाटाणे सोलत. गाड्यांच्या बाजूला तीच चालायची. मी तिच्यापेक्षा वीतभर उंच झालो तरी तीच चालायची. मी म्हणायचो, अगं मी पुरुष आहे, तू आतल्या बाजूला हो. म्हणायची, ‘हो हो, पुरुष आहेस, नाक पूस.’

म्हणजे बघा ना— त्या सगळ्या बायका, लग्न झालेल्या, न झालेल्या, मावशींसारख्या नातवंडवाल्या— माझ्या ताईवर जीव टाकतायत, आणि कुणालाच ठाऊक नाही. कोट तेवढा त्याचा.

हसू नका. हसलात ना तुम्ही? नाही? बरं.

आता खरं सांगतो, कारण अर्धं ऐकलंत तर तुम्ही बाहेर जाऊन अर्धंच सांगाल. इथवर ठीक होतं. पण मी त्याला एक डाग दिला. मनगटावर. हा बघा, असला. माझा इस्त्रीचा आहे, त्याचा शापाचा केला. का दिला? कशाला विचारता... विचारलं नाहीत, पण तोंडावर आहे तुमच्या. काजवाली समोर बसते म्हणून दिला. मी म्हटलं— ‘आणि त्याच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता’— आणि ती बघते की नाही बघायला डोळे वर केले. तिनं बघितलं. माझ्या हाताकडे. आणि दुसऱ्या दिवशी मी बाह्या दुमडून आलो, काकू. आरशात बघून दुमडल्या. दोन्ही सारख्या. ताईला जाऊन महिना नाही झाला, तिचा टॉवेल अजून दोरीवर आहे, मला काढवत नाही, आणि त्याच टॉवेलापाशी उभा राहून मी बाह्या दुमडतोय, शीळ घालत. शीळ! मध्येच लक्षात आलं. तोंड तसंच राहिलं. मेल्या, म्हटलं, तुला लाज आहे का रे? तिच्या जागेवर बसतोस, तिच्या माणसाच्या तोंडून तिचंच बोलतोस, आणि त्याचा उपयोग कशाला, तर एका पोरीनं बघावं म्हणून. त्या दिवशी बाह्या खाली सोडून आलो. पण दुपारी परत वर केल्या. हे असं आहे माझं.

म्हणून काल मी ठरवून बसलो, की आता खरं काहीतरी. फेडायचं. पण तोंड आधी ना माझं. काल तुम्ही होतात, ऐकलंत— त्याला एक बहीण होती, मी म्हटलं. मोठी. त्या पुलाखालच्यांनी नाही नेली, कुणीच नाही नेली, नुसता ताप आला. आणि इतक्या ताकदीचा माणूस, शहर राखणारा, तो उशाशी बसून ओल्या फडक्याच्या घड्या घालत राहिला, कारण तापाला आपटायचं कुठं? आणि मग मला पुढचं येईना. पुस्तकात बघितलं, जसं काही तिथं असेल. कात्र्या थांबल्या. हळू नाही झाल्या, थांबल्या. सगळ्या. तेवढ्यात घंटा झाली आणि मशीनी सुरू झाल्या, आणि तुम्ही मागून पिंपापाशी आलात आणि म्हणालात, मी वाचलंय.

म्हणून आज गेलो नाही टेबलावर. इथं बसलो. त्यांना सांगू नका, काकू. पाया पडतो. ओरडतील म्हणून नाही, ओरडू दे. पण त्यांना वाटेल इतके दिवस आपल्याला फसवलं, ताईच्या नावावर फसवलं, आणि मग ते स्टूल कोपऱ्यात जाईल, त्यावर धाग्याची रिळं ठेवतील. किंवा तुम्ही वाचा. हां, तुम्हीच वाचा, तुम्हाला येतं. खरं काय आहे ते वाचा, मी इस्त्री करीन, एक शब्द बोलणार नाही, कोटावरूनसुद्धा नाही. फक्त म्हणा की ह्याचा घसा बसलाय. एवढं एक खोटं—

काय?

बोला, बोला, आता बोला. कुणी पाठवलंय? मावशींनी? मला बोलवायला? मग तुम्ही आल्या आल्या का नाही... हां. मीच बोलू दिलं नाही.

काय ठाऊक आहे त्यांना? ... अहो, पण कसं? ... थांबा. ताईनं ते पुस्तक आधी, मी इथं कामाला लागायच्या आधी, पूर्ण वाचून दाखवलं होतं? त्यांना? दोनदा? म्हणजे हे तिसऱ्यांदा चाललं होतं, आणि त्यांना शेवटापर्यंत पाठ... मग त्या ‘आला बाई’ म्हणाल्या ते? ‘जेवला का’ ते? पहिल्या दिवसापासून? आणि तुम्ही त्यांना सांगायला गेलात की असं नाहीये पुस्तकात, तेव्हा मावशींनी तुम्हाला चिमटा काढला. म्हणाल्या, गप्प बस, आम्हाला माहीत आहे. ... काजवालीलाही?

म्हणजे काल, तो फडक्याच्या घड्या घालत होता तेव्हा, त्यांना माहीत होतं, कोण—

नाही. नाही, मी नाही येत. तोंड कसं दाखवू? इस्त्री तापत ठेवलीय म्हणावं. अहो, जा ना तुम्ही. खांद्यावर हात नका ठेवू, काकू, हात ठेवला की मला... जा. पुस्तक? ते राहू दे इथंच. नाही, द्या. द्या इकडे. आणि त्यांना म्हणावं— काही नका म्हणू. येतो म्हणावं. पण आज कुणी माझ्याकडे बघायचं नाही. खाली बघून दोरे कापायचे सगळ्यांनी. जा, व्हा पुढं.