साहेबांच्या हातात फडकं

अरे यार, डेकेअरचे नियम घरी चालतात की नाही, हा आमच्याकडचा रोजचा वाद. मी माँटेसरी डेकेअरमध्ये शिकवते, म्हणून घरीही तेच हवं हा माझा हट्ट. सासूबाई म्हणतात, "अगं, घर आहे हे, शाळा नाही!"

परवा नवऱ्याचे साहेब बायकोला घेऊन जेवायला आले. नवऱ्याची दिल्लीहून गुवाहाटीला बदली व्हायची होती, आणि ती थांबवणं साहेबांच्याच हातात होतं. जेवण आटोपलं तशी आमची चार वर्षांची ईरा ओलं फडकं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, आपली जागा आपण पुसायची."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र मुकाट्याने टेबल पुसू लागले.

नवरा धावला, "सर, प्लीज, राहू द्या ना!"

"बाबा, त्यांचं काम चालू आहे. मध्ये बोलायचं नाही."

ईराने बोट दाखवलं, "तिथे वरण राहिलंय." साहेबांनी तेही पुसलं. म्हटलं, बदली पक्की, आणि तीही माझ्या हट्टापायी.

तेवढ्यात साहेबांच्या बायको म्हणाल्या, "अहो, ह्या लोकांना दिल्लीतून अजिबात हलवायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तुमच्या हातात फडकं बघतेय मी!"