गुरगावची जागा

आमच्या फर्ममध्ये मॅनेजर व्हायचं तर बदली घ्यावीच लागते. माझी पाळी आली तेव्हा गुरगावची जागा रिकामी होती, आणि मला ती हवी होती.

कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ऑडिट आटपून मी आमच्या पार्टनरसाहेबांना माझ्या गाडीतून कोल्हापूरला आणत होते. वाटेत साहेब सहज म्हणाले, "गुरगावला मी तुझ्याऐवजी रोहितचं नाव पाठवतोय आज. तुझा मुलगा लहान आहे. घरचे काही तुला पाठवणार नाहीत."

भांडले असते तर पुढची बढतीही गेली असती, आणि गप्प बसले असते तर ही हातची गेली असती. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला आणि गाडीच्या स्पीकरवर लागला.

"सुजाता, बदलीचं काय झालं गं?"

"आबा, साहेब शेजारीच बसलेत," मी घाईनं म्हटलं. "त्यांना वाटतंय, तुम्ही मला पाठवणार नाही."

आबा कडाडले, "पावणं, आमी न्हाय म्हनणार हे तुमाला कुणी सांगितलं? नातवाला आमी बघतो की!"

साहेब गडबडले. "तसं नाही, काका. म्हणजे तुमची परवानगी आहे ना?"

"मला काय इचारताय? ती शेजारी बसलीया न्हवं? तिला इचारा की!"

साहेब माझ्याकडे वळले. "जाशील?"

"जाणार," मी म्हटलं. "गाडी बाजूला घेते, मेल आत्ताच करा."