शेवटाचे पैसे वेगळे

आमच्या सुलभाताईचं आयका. अकोल्याले शाळेत मास्तरीण आहे, माही मोठी बहीण. दिवाळीच्या सुट्टीत तिनं एक गेम पुरे पैसे देऊन घेतला. टीव्हीवर एकट्यानं खेळाचा, राक्षसाच्या किल्ल्यातून भावाले सोडवून आणाचं. सुट्टीभर खेळून ताई शेवटच्या दारापाशी पोचली, तं पडद्यावर आलं, "पुढचा भाग विकत घ्या."

मी म्हटलं, "ताई, मी भरतो पैसे."

"एक रुपयाबी द्याचा नाई! गेम पुरा घेतला होता ना? मंग दार काहून बंद?"

तिनं टीव्हीच बंद केला अन् माह्याकडं वळली. "आता मी सांगतो, आयक. बहिणीनं दार तोडलं. भाऊ सुटला. दोघंबी घरी आले. झाला गेम."

"अन् राक्षस?"

"तो पैशाची वाट पाहून राहिला. पाहू दे!"