आधी ते पुसून घ्या

नाय ग बाय, लागत नाय ते. बघ की सरळ, चोरून कशाला बघतेस? सगळीच बघतात. पापलेटाचे कल्ले उचलून बघतात, मंग माझी बोटं बघतात, नि बोलतात, मावशी, येते हां परत जाताना. येतंय कोन. कातडीचं हाय हे, सोरायसिस बोलतात त्याला. पयलं कोपरावर उठलं, मंग डोक्यात, मंग हातावर उतरलं—पापुद्रे निघतात बघ, खवल्यासारखे. नखं बघ, कशी खड्डे पडलेली. आनि हे मधलं बोट—आता बरं हाय ते, उन्हाळ्यात बघायला पायजे होतंस. टोकापासनं मुळापर्यंत सुजलेलं, माशाच्या पोटात अंडी, गाबोळी भरते तसं टम्म. कोयता धरवत नव्हता. सकाळी उठले की मूठ वळायची नाय, चहाचा कप दोन तळव्यात दाबून उचलायचा. तुला हे सुरमईचे तुकडे पातळ पायजेत का जाड? जाड. बरं.

गावातला डॉक्टर बोलला, बर्फात हात घालतेस, आनखी काय होनार. गोळ्या दिल्या. मंग संधिवाताचं रगत तपासलं, त्यात काय नाय. एक्सरे काढला, त्यात पन काय नाय. तर माझा सूरज—पोरगा माझा, तुर्भ्याला कंपनीत सुपरवायझर हाय—तो बोलला, आई, सगळं नॉर्मल हाय, आता नाटकं बंद कर. नाटकं. बोट हे एवढं, नि नाटकं. सून तोंडानं काय बोलली नाय. रुतिका नाव तिचं. तिनं माझं ताट वेगळं केलं फक्त. प्लास्टिकचं ताट नि पेला, मोरीच्या वर फळीवर. नात माझ्या मांडीवर चढायला लागली की हाक मारायची, ईश्वरी, इकडं ये, कार्टून लागलंय. मला काय समजत नाय? पन मी म्हटलं, जाऊ दे, लहान पोर हाय, भीती वाटत असंल. मी पन आईच हाय ना.

मंग वाशीला एक डॉक्टरीनबाई कोनीतरी सांगितली, सांध्यांचीच डॉक्टर. सूरज आला बरोबर. माझ्यासाठी आला असं नको समजू. त्याला विचारायचं होतं, घरात पोर हाय, हे लागतं का. ती बाई माझी बोटं दाबून बघते नि बोलते, हाताची सोनोग्राफी करू या. सूरज हसला, बोलला, मॅडम, सोनोग्राफी पोटाची करतात ना? तिनं माझा हात गादीवर ठेवला, वर थंडगार जेल ओतलं—बोंबील कसा बुळबुळीत लागतो, तसं—नि ते यंत्र फिरवायला लागली. आनि हातमोजे नाय घातले तिनं. मी बघितलं ना. उघड्या हातानं मनगट धरलं माझं, पापुद्रे होते तिथंच. किती महिन्यांनी कोनीतरी असं—

जाऊ दे. यंत्राच्या टीव्हीत सगळं काळं-पांढरं. ती दाखवते, ही बघा पुतळाबाई, बोट वाकवायची दोरी, नि हे भोवती काळं दिसतंय ते पाणी. मंग तिनं बटन दाबलं नि त्या काळ्यात लाल ठिनग्या उडायला लागल्या, विझायच्या नि परत उडायच्या. बोलली, ही सूज आहे. दुखत असणारच तुम्हाला. मी सूरजकडं बघितलं. तो मोबाईल बघत होता.

बाईनं त्याला पन नीट समजावलं हां. सांधे दुखायचे प्रकार बरेच असतात, बोलली. वयानं हाडाला गाठी येतात तो एक. संधिवात सांध्याच्या आतल्या अस्तराला धरतो तो एक. आईची सूज दोरीला नि अख्ख्या बोटाला धरलीय, वर कातडी नि नखं अशी—हा सोरायसिसबरोबरचा. रक्तात बहुतेक सापडत नाही. आणि हे कोणाकडून कोणाला लागत नाही. असं, मराठीत, सरळ सांगितलं. सूरजनं मान हलवली. मंग ती त्याला बोलली, तुमचं बोट द्या जरा, चांगलं बोट कसं दिसतं ते आईंना दाखवते.

त्यानं हात खिशात घातला ग. बोलला, आधी ते पुसून घ्या.

तिनं पुसलं. कागदानं पुसलं, मंग औषधाचं फडकं फिरवलं. बोलली, झालं, द्या. तर बोलतो, राहू दे मॅडम, माझं चांगलंच हाय. लागत नाय म्हनून आत्ता तर सांगितलं होतं तिनं. बाईनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, नि तेच यंत्र आपल्या बोटाला लावलं. बोलली, हे बघा. काळं पानी नाय, ठिनग्या नाय, दोरी सरळ. मी आपली बघत बसले. रडले-बिडले नाय. जेल सुकत आलं होतं हातावर, ते मीच पुसलं.

औषध चालू केलं तिनं, सूज उतरली. आता सूरज गावभर सांगतो, आईला फार त्रास होता, आमी वेळेवर मोठ्या डॉक्टरकडं नेली. ते ताट टाकून दिलं. गेल्या रविवारी सासुरवाडीची मान्सं आलेली, चिंबोऱ्या केलेल्या, तर सगळ्यांसमोर बोलतो, आई, तुझ्या हातनं भरव मला. फोटो काढायला लावला. मी भरवला घास. त्याचे ओठ लागले माझ्या बोटांना, ओले—आनि बाय, मी तशीच उठले, मोरीत गेले, साबन लावून धुतला हात. परत धुतला. अग, हा लहान असताना अंगभर खरजेनं भरलेला, पू वाहायचा, मी छातीशी घेऊन झोपायची त्याला. तवा काय वाटलं नाय. रात्रंदिवस म्हावऱ्याच्या घानीत काम करते, तवा काय वाटत नाय. आनि त्याच्या तोंडाचं लागलं तर—किळस आली मला. माझ्या पोराची. दुसऱ्या दिवशी आमची भाड्याची एक खोली रिकामी होती घनसोली गावात, तिथं बिछाना नेला माझा. तिथंच रांधते, तिथंच खाते. तो दारात येऊन उभा राहतो, आई, आता काय झालं? काय सांगू त्याला? हे सांगू?

कोनाला बोलले नव्हते मी हे.

काय? पोटचा हाय, माहीत हाय मला. मीच काढला ना पोटातनं. तू नको शिकवू. धर पिशवी. धर नि जा आता, मागं गिऱ्हाईक उभं हाय. जा ग.