काठ बांधायचा राह्यला

प्रवीण सर, आधी तुमची माफी मागते. लिहण्यात चुका राहतीन. मी बसमध्ये बसून मोबाईलवर टाईप करून राह्यली, रस्ता सगळा खड्ड्याचा, अन् माह्या बोटाले स्पीड नाई हे तुम्हाले माहीत आहे. एक ओळ लिवता लिवता एक गाव निघून जाते. जे चुकलं ते तुम्ही तोंडानं सुधरवून वाचजा. पण गाळू काही नोका. तुम्ही मले बोलाले जो कागद लिहून दिला होता तो राहू द्या, त्याच्या जागी हे वाचा. माईकवर. सगळं. वेळ होते म्हणून घाबरू नोका, खुशालभाऊच्या हातात माईक गेला म्हणजे मले लिवाले वेळच वेळ आहे.

तर.

आजच्या सत्काराचे अध्यक्ष आदरणीय देवाजी पाटील, स्वागताध्यक्ष माननीय खुशालभाऊ, त्यायच्या बाजूले बसलेल्या बचत गटाच्या गुणाबाई, समोर सतरंजीवर बसलेल्या माया-बहिणी, मंडपाच्या मागं गाडीवर बसून ऐकणारे पोट्टे, अन् व्यासपीठाच्या मधातली ते रिकामी खुर्ची. सगळ्याईले पोचू बुरडाची पोरगी मंजुषाचा नमस्कार अन् जोहार.

ते रिकामी खुर्ची माही आहे. सत्कारमूर्ती पळाली म्हणून कोणी चहाले उठू नोका, मी बोलून राह्यली. शाळेत हजेरी घेताना "हजर" म्हणाले माहा आवाज निघत नव्हता. वर्गात बसून माही गैरहजेरी लागे. नववीत शाळा सुटली, तवा बाईले वाटलं मी आधीच सोडली. आज गैरहजर आहो तर बोलणं होऊन राह्यलं. इथून मले कोणाचं तोंड दिसत नाई, हे बरं आहे.

खुशालभाऊ आपल्या भाषणात म्हणले असतीन की गावची लेक बांबूकाम शिकाले व्हिएतनामले गेली, दहा महिने राह्यली, गावाचं नाव केलं. हाव, गेली. जायच्या आधी याच मंडपात माहा निरोप समारंभ झाला होता, आठवते का? फ्लेक्सवर नऊ फोटो होते. माहा सगळ्यात खाली, लिंबाएवढा. चार जण बोलले. एकानं आपली विहीर कशी मंजूर झाली ते सांगतलं, एकानं आपल्या जावयाचं सांगतलं. तिथी जाऊन मी काय शिकणार, हे एकानंही विचारलं नाई.  

मी तुम्हाले विचारते, निरोप म्हणजे काय असते? शाल, नारळ, अन् मंग मसालेभात, एवढंच का?

तिथल्या शाळेत आम्ही बावीस जण होतो, सहा देशाचे. कोणाचा कोर्स दोन महिन्याचा, कोणाचा वर्षाचा. म्हणून दर महिन्याले कोणी ना कोणी जाये. तिथी भाषण नाई होत. जाणारा माणूस एक टोपली विणते. बूड विणते, भिंती उचलते, अन् काठ बांधायचा तसाच ठेवते. काठ नाई बांधला तर टोपलीच्या कामट्या हळूहळू सुटाले लागतात, माह्या बापाले विचारा. ते टोपली तो आपल्या जवळच्या दोस्ताले देऊन जाते. पुन्हा कधी भेट झाली तर दोघं बसून काठ बांधतात. तवापर्यंत ज्याच्याजवळ टोपली आहे त्यानं ते सुटू द्यायची नाई. अन् ज्याले दोस्ती नको झाली तो टोपली ज्याची त्याले वापस देते. मंग बोलाचं काही राहत नाई.

बोलाचं काम नाई, म्हणून मले तो निरोप पटला.

थाओ माह्या खोलीत राहे. वीस वर्षाची, त्याच देशाची, नदीकाठच्या गावची. तिचे घरचे मासे धरायचे बांबूचे सापळे करतात. तिले माही भाषा येत नाई, मले तिची येत नाई, इंग्रजी दोघीची फाटकी. मोबाईलमध्ये टाईप करायचं अन् तो आपल्या भाषेत करून दाखवे. मी टाईप करेपर्यंत ते अर्धी चटई विणून मोकळी होये. मी तिले मराठीत दोनच गोष्टी शिकवल्या. एक "जोहार". अन् दुसरं "जेवली का". आपल्याकडे कोणी भेटलं म्हणजे मानानं हेच विचारतात असं सांगतलं. मंग ते शाळेच्या मोठ्या सरालेही सकाळी उठून "जेवली का" विचारे.

येताना मी तिले टोपली दिली. ते गेटपर्यंत आली. रडली नाई, मीही नाई. तिनं टोपली दोन्ही हातानं धरली होती. तिकडे मानाची वस्तू दोन्ही हातानं घेतात अन् मान खाली लववतात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागन.

मागच्या आठवड्यात, मार्कंड्याच्या यात्रेच्या दिवसात, ते आली. दीड वर्ष मासे विकून तिकीट काढलं तिनं. नागपूरहून बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसली, वर ठेवू दिली नाई. एक कामटी सुटलेली नव्हती.

पहिल्या दिवशी आमच्या आंगणात यात्राच भरली. "साप खाते काय वो हे?" "कुत्रं खाते म्हणतात." "डोळे उघडे आहेत का झोपली?" कोणी तोंडाले रुमाल बांधून आलं. म्हणे कोरोना आणला असन. गुणाबाई, तुम्ही तिचे केस ओढून पाह्यले, खरे आहेत का म्हणून. ते हसत राह्यली. मले विचारे, काय म्हणतात? मी म्हणो, तू सुंदर आहे म्हणतात.

माही माय कमळा अन् ते, दोघी एका भाषेच्या नाई, तरी दिवसभर बसून बांबू फाडला. बाप मले म्हणे, "हात पाह्य वो पोरीचा. तुह्यापेक्षा बारीक कामटी काढते." सोमारी मावशीनं एटापल्लीवरून मुंग्याची चटणी पाठवली होती, ते थाओनं दोनदा मागून खाल्ली. खुशालभाऊ, तेच चटणी तुम्ही आमच्या घरी येऊन बोटं चाटून खाता. आपण घोंगे खातो, खेकडे खातो, पावसाळ्यात उंदरं भाजतो. मंग कोण काय खाते, हे विचाराले आपलं तोंड कसं उघडते?

तिसऱ्या दिवशी खुशालभाऊनं निरोप धाडला. विदेशी पाहुणीचं स्वागत करायचं आहे, समाजमंदिरात आण.

इथून पुढचं, सर, सावकाश वाचजा.

पंचवीस-तीस माणसं होते. धनराज, म्हणजे खुशालभाऊचा पुतण्या, मोबाईल धरून समोर उभा. खुशालभाऊनं पळसाचा द्रोण आणला, वरतून पान झाकलेलं. म्हणले, "बाईच्या देशाचं पक्वान्न आहे, खास बनवून घेतलं. सांग तिले मंजुषा." थाओनं माह्याकडे पाह्यलं. मी इंग्रजीत सांगतलं, तुले मान देऊन राह्यले.

तिनं पायातली चप्पल काढली. द्रोण दोन्ही हातानं घेतला. कपाळाले लागन एवढी मान लववली. मंग पान उचललं.

आत मेलेली पाल होती. पोट वर करून ठेवलेली. बाजूले कांदा अन् लिंबाची फोड.

सगळे हसले. म्हातारे हसले, पोट्टे हसले. एक जण हसता हसता खाली बसला.

थाओनं त्यायच्याकडे नाई पाह्यलं. माह्याकडे पाह्यलं. अन् मी हसून राह्यली होती.

मले हसू आलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून माहं तोंड तसं झालं. पण तिकडून पाहणाऱ्याले हसणं ते हसणंच दिसते.

तिनं पान परत झाकलं. द्रोण भुईवर हळूच ठेवला, सांडू नये असा. अन् खुशालभाऊकडे पाहून म्हणली, "जेवली का?" जोहार सोडून तिले दुसरं काही येतच नव्हतं. लोक अजून हसले. ते मानानं म्हणली का कशी, मले आजपर्यंत समजलं नाई. पण खुशालभाऊ, तुम्ही त्या वेळेस हसले नाई, हे मी पाह्यलं.

संध्याकाळी ओसरीवर बसून तिनं मोबाईलमध्ये लिवलं अन् माह्यासमोर धरलं. त्यावर मराठीत आलं: तुला आधी माहीत होतं का?

मी टाईप कराले घेतलं. काय लिवू, कसं लिवू. एक शब्द लिवून खोडला, दुसरा लिवला. माहं होईपर्यंत तिनं मोबाईल वापस घेतला अन् आत जाऊन बॅग भरली. सकाळच्या बसनं चंद्रपूरले गेली, तिथी लॉजवर उतरली. माही टोपली ओसरीवर ठेवून गेली. काल मेसेज आला की बल्लारशावरून दिल्लीची गाडी आहे, निरोप द्याले येऊ नको. ते गाडी उद्या सकाळची.

आता तुम्हाले वाटन, या पोरीले खुशालभाऊचा राग आहे. राग असता तर बरं झालं असतं. मले शिसारी आहे. तुमची आहे, अन् त्याहून जास्त माही आहे. कारण तिनं जे विचारलं त्याचं उत्तर तुम्हाले माहीत नाई, मले माहीत आहे. त्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना मी धनराजले समाजमंदिराच्या भिंतीवर खराट्यानं पाल मारताना पाह्यलं. तो म्हणला, "आज पाहुणीची मेजवानी आहे, सांगू नोको." मी घागर उचलली अन् घरी आली. दिवसभर डोक्यात होतं. मी स्वतःले सांगत राह्यली, मजाक असन, असं कोणी करत नाई. द्रोण झाकलेला दिसला तवाही माहीत होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. मी हजर होती अन् हजर म्हणली नाई.

आज दुपारी मी नवी साडी घालून त्या खुर्चीवर बसलीच होती. मागं टेबलावर सत्काराचं ताट होतं. शाल, नारळ, अन् पेढे. पेढे द्रोणात होते, वरतून पळसाचं पान झाकलेलं. ते पान पाह्यलं अन् मले उमासा आला.  बाहेर जाऊन येते म्हणली, मंडपाच्या मागं ओकली, अन् घरी जाऊन टोपली घेतली. प्रवीण सर, पेढ्यात काही नाई हे मले माहीत आहे. पण माह्या हातानं ते पान उचललं गेलं नसतं.

एक विनंती आहे. धनराजनं तो व्हिडिओ मोबाईलवर टाकला, काल चार हजार लोकायनं पाह्यला. खाली हसण्याचे चित्रं टाकले. त्याच्यात आपल्या गावचेच लय नाव आहेत, मी सगळे वाचले. धनराज, तू मागं गाडीवर बसला असशीन. तो व्हिडिओ काढ. आत्ता. सर, इथी वाचणं थांबवा अन् वाट पाहा.

काढला का?

नसन काढला तर, सर, वरचं परत एकदा वाचा. मले घाई नाई, आत्ता बस मूलच्या स्टँडवर आली, चंद्रपूर अजून लांब आहे.

शाल आमच्या घरी पाठवू नोका. खुशालभाऊ, तुम्ही माफी मागा असंही मी म्हणत नाई. माईकवर मागसान, टाळ्या वाजतीन, अन् त्याचाही व्हिडिओ निघन. मागायचीच असन तर तिचा नंबर माह्या बापाजवळ आहे. टाईप कराले वेळ लागला तरी चालते.

मी चंद्रपूरले जाऊन राह्यली. टोपली मांडीवर आहे. काठाच्या कामट्या माह्या मायनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या, वाळल्या तर मोडतात म्हणून. लॉजचा दरवाजा तिनं उघडला तर ठीक. नाई उघडला तर सकाळी बल्लारशाच्या फलाटावर बसीन. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच टाईप करून ठेवलं, या वेळेस उशीर नको. एकच शब्द आहे. हाव. ते वाचून तिनं काठ बांधला नाई तर ते तिचं बरोबर आहे. मंग टोपली सुटू द्यायची का धरून ठेवायची, ते माहं मी पाहीन.

मंडप टाकणाऱ्या पोट्ट्यायचे आभार. मसालेभात करणाऱ्या बायायचे आभार, माहं ताट कोणाले तरी वाढून द्या. प्रवीण सर, तुमचे सगळ्यात जास्त, हे वाचताना तुमचा घसा सुकला असन. मोठ्यायसमोर लहान तोंडानं बोलली, काही उणंअधिक निघालं असन तर पोटात घाला. मानपान चुकला असन तर चुकला.

थांबा सर, मोबाईल ठेवू नोका, मायचा आत्ता फोन आला. आपली काळी शेळी व्याली. तीन पिल्लं, तिन्ही पाठी, बोकड एकही नाई, एकीचा कान पांढरा आहे. पत्रूमामा समोरच्याच रांगेत बसला असन, त्याले सांगा लवकर घरी जा, माय एकटीच आहे.