शेवटचा रकाना

(महापूर ओसरून तीन आठवडे झालेत. औषधाचं दुकान; भिंतीवर छातीइतक्या उंचीला गाळाची रेघ. काउंटरच्या आत फार्मासिस्ट आणि तिचे सासरे, बाहेर औषध निरीक्षक.)

निरीक्षक : दोन्ही पाकिटं तुमचीच आहेत, मॅडम. एक सत्काराचं, एक नोटिशीचं. दोन्हींची पोच हवी.

फार्मासिस्ट : आधी कुठलं उघडू?

निरीक्षक : सत्काराचं. नोटिशीनंतर ते गोड लागणार नाही.

फार्मासिस्ट : ‘रस्ते बंद असताना एकशे त्रेचाळीस रुग्णांना औषधं पुरवल्याबद्दल गौरव.’ आणि हे... ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीविना एकशे त्रेचाळीस रुग्णांना औषधं दिल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.’

सासरे : आकडा जुळला म्हणायचा. सरकारी कागदांत एवढा मेळ मी चाळीस वर्षांत पाहिला नाही.

निरीक्षक : आकडा तुमच्या सूनबाईंनीच कळवलाय, आजोबा. रस्ता खुला झाल्याबरोबर पत्र पाठवलं. इतक्या लोकांना औषधं दिली, एखादा डॉक्टर पाठवून त्यांना तपासून घ्या, म्हणून.

सासरे : डॉक्टर आला का?

निरीक्षक : मी आलोय.

फार्मासिस्ट : कोपऱ्यावरच्या मेडिकललाही नोटीस आहे? त्यांनीही दिली औषधं.

निरीक्षक : त्यांनी कुठे काही लिहिलंच नाही. त्यांच्याविरुद्ध आमच्याकडे कागद नाही.

सासरे : शहाणा माणूस. करून सवरून नामानिराळा. आणि आमची सूनबाई! खाली पाणी चढतंय, मी प्रोटीनचे डबे माळ्यावर टाकतोय, आणि ही बाई औषधांच्या नोंदींची वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून डोक्यावर घेऊन जिना चढतेय. पुढचे सहा दिवस लोक होडीतून खिडकीखाली यायचे. मी दोरीला टोपली बांधून खाली सोडायचो, ही लिहीत बसायची.

निरीक्षक : वही कुठे आहे?

फार्मासिस्ट : ही काय, समोर.

निरीक्षक : मॅडम, ऐका. तुमच्या पत्रात नुसता आकडा आहे, वही अजून कुणी पाहिलेली नाही. दुकानात छातीभर पाणी होतं, वहीचा लगदा झाला असं म्हटलं तर कोण नाही म्हणेल? आकडा अंदाजे दिला होता, असं लिहा. खुलाशाचा मजकूर मी सांगतो. प्रकरण आठ दिवसांत मिटेल, दुकान चालू राहील.

सासरे : सोन्यासारखा सल्ला आहे. घे.

फार्मासिस्ट : बाबा, या वहीपायी दुकान बंद पडेल, हे मलाही कळतं. पण साहेब, जरा बघा ही. ‘नाव सांगता आलं नाही. शाळेच्या गच्चीवरच्या आजी, कानात कापूस. साखरेची गोळी, तीन दिवसांची.’ आणि हा शेवटचा रकाना: ‘पुढे काय झालं.’ इथे लिहिलंय, ‘मुलीकडे गेल्या, साखर ठीक.’

निरीक्षक : असा रकाना नियमात नाही.

फार्मासिस्ट : नाही. मी आखलाय. आता ही ओळ. ट्रकचालक, बीपीची गोळी. संध्याकाळी लिहिताना लक्षात आलं, दुप्पट ताकदीची गेली. पहाटे होडी मिळवून गेले. एक घेतली होती त्यानं, चक्कर येऊन पडला होता. बाकीच्या परत आणल्या. लिहिलं नसतं तर मला कळलंच नसतं. अजून एकतीस जागा रिकाम्या आहेत, साहेब. त्या एकतीस जणांचं काय झालं, मला ठाऊक नाही. लगदा कशाचा करू?

निरीक्षक : भावना समजतात. पण वही जप्त झाली की ओळ न् ओळ वाचली जाते.

सासरे : वाचू दे की. आमच्यात काय लपवायचं आहे? बघू, मीही वाचतो. पान नऊ. ‘उंच, चष्मा, सरकारी होडीतून. आईसाठी हार्टच्या गोळ्या, पाच दिवसांच्या. चिठ्ठी नाही, रिकामी स्ट्रिप दाखवली.’ अरेच्चा. टोपली पकडताना चष्मा पाण्यात पडता पडता राहिला, तेच का हो तुम्ही?

निरीक्षक : आजोबा, हळू बोला.

सासरे : तरीच. मी म्हटलं, सरकारला एवढी माया कुठून सुटली.

निरीक्षक : चिठ्ठी घरात होती, घर पाण्यात होतं. मी काय करायला हवं होतं?

फार्मासिस्ट : तुम्ही केलंत तेच. तोच माझा खुलासा आहे, फक्त तो तुमच्या तोंडून बरा वाटला.

निरीक्षक : म्हणजे तुम्ही मला ओळखलं होतंत.

फार्मासिस्ट : दारात पाऊल टाकलंत तेव्हाच. मला वाटलं, पुढे काय झालं तेच सांगायला आलात.

निरीक्षक : मग आता काय म्हणता?

फार्मासिस्ट : आई कशा आहेत?

निरीक्षक : आई? बरी आहे. सकाळी फाटकापर्यंत चालत जाते, परत येते.

फार्मासिस्ट : बाबा, पेन द्या. ‘बऱ्या आहेत, फाटकापर्यंत चालतात.’ झालं, तीस राहिल्या. घ्या ही वही, पोच द्या. आणि साहेब, पान अकरा आणि चौदावर तुमच्याच कार्यालयातले दोघं आहेत. गेल्यावर तेवढं विचारून त्यांचा रकाना भरून घ्या.