घोड्यावर बोललेला नवस

आधी पेढा घ्या, मग सांगते कशाचा ते. आमच्या कल्याणीने मोबाईलवर सारंगखेड्याच्या दत्ताच्या जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीचा गेम बनवला. वर्षभर खपली पोरगी, आणि ऑनलाइन दुकानाने तो विकायला नकार दिला. अगदी रडकुंडीला आली.

"आई, घोडावर खरा पैसा लावाना म्हंजे जुगार शे म्हंतस त्या."

"बरोबरच शे त्यास्नं. पैसाना जागे नवस ठेव."

"गेममा नवस?"

"हा! घोडा जिकना तं दत्ताले पेढा. पैजमा पैसा आधी जास. नवसमा काम व्हयनं तरच देनं पडस."

"आनि हारना तं?"

"तं पुढली बारी परत बोलाना. देव काय अनामत जप्त करस का?"

हसत हसत तिने गेम बदलला, आणि काल दुकानाने तो घेतला! मग मीही तिला सांगितलं, की गेम घेतला तर दत्ताला पेढे, असं मी बोलून ठेवलं होतं.

"आई, तू तं दुकानवरच पैज लायी व्हती!"

पैज कसली हो? पेढे आज सकाळीच आणलेत.